‘आम्ही कधीच विचारत नाही’ : गप्पांच्या खोल्यांची राखण

या लेखाची टिपणे काढत असताना एक छोटी बातमी वाचनात आली. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देण्याची आपली जुनी सेवा ३० सप्टेंबर २०२५ पासून बंद करत असल्याचे अमेरिकेतील एओएल, म्हणजे ‘अमेरिका ऑनलाइन’ या कंपनीने जाहीर केले होते. आपल्याकडे या बातमीची फारशी दखल कोणी घेतली नाही, आणि घ्यावी तरी का? एओएलचे गिऱ्हाईक आपल्याकडे नव्हतेच. मी मात्र ती बातमी कापून वहीत चिकटवली. गेले वर्षभर मी ज्या प्रश्नाच्या मागे आहे, त्याची पहिली गाठ याच कंपनीच्या गप्पांच्या खोल्यांमध्ये बसली होती.

हा प्रश्न माझ्याकडे कसा आला, ते आधी सांगतो. आमचा एक व्हॉट्सॲप गट आहे. वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ आणि शिलालेख यांचे फोटो टाकायचे, वाचन करायचे, वाद घालायचे, एवढाच त्याचा उद्योग. सभासद दोनशेच्या वर आणि त्याचा चालक मी. गेल्या वर्षी श्रावणात गटातल्या एका सत्तरी ओलांडलेल्या सभासदांना दुसऱ्या एका सभासदाच्या क्रमांकावरून निरोप आला : ‘चुकून माझा सहा आकडी कोड तुमच्याकडे आला आहे, तेवढा पाठवा.’ त्यांनी पाठवला. तो कोड त्यांच्याच खात्याची किल्ली होता. अर्ध्या तासात त्यांचे खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेले आणि त्यांच्या नावाने गटातल्या माणसांना निरोप जाऊ लागले : ‘दवाखान्यात आहे, वीस हजारांची नड आहे, उद्या परत करतो.’ दोघांनी पैसे पाठवले.

हे गृहस्थ माझे शाळेतले शिक्षक. मोडी मी त्यांच्याकडून शिकलो. त्या दिवशी चालक म्हणून मी त्यांचा क्रमांक गटातून काढला, ते बरोबरच होते. पण पाठोपाठ मी गटावर एक वाक्य लिहिले : ‘शिकल्यासवरल्या माणसांनी तरी एवढे भान ठेवायला हवे.’ खाते परत मिळाल्यावर गुरुजींना मी पुन्हा आमंत्रण पाठवले. ते आले नाहीत.

माझी पोस्ट वाचून तेव्हा अनेकांनी अंगठे दाखवले होते. आज मला ते वाक्य चुकीचे वाटते. केवळ माणुसकीच्या नात्याने नव्हे, इतिहासाच्या अंगानेही. तेच या लेखात मांडायचे आहे.

जुना कैदी, नवा पहारेकरी

पत्र पाठवून अनोळखी माणसाला लुबाडण्याची कला इंटरनेटच्या फार आधीची आहे. फ्रान्समधला विदोक हा आधी गुन्हेगार होता आणि नंतर पोलिसांच्या गुप्तहेर खात्याचा प्रमुख झाला. १८२८ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या आठवणींत त्याने पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातील कैद्यांच्या एका धंद्याचे वर्णन केले आहे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत पळालेल्या सरदाराचा नोकर असल्याचे भासवून हे कैदी श्रीमंतांना पत्रे लिहीत. मालकाचा खजिना अमुक ठिकाणी पुरला आहे, तो काढायला थोडी रक्कम हवी, असा मजकूर असे. विदोक म्हणतो की, अशा शंभर पत्रांपैकी विसांना हमखास उत्तर येई. पुढे हाच प्रकार ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने गाजला आणि १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत त्याविषयी सावधगिरीचे लेख आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली नायजेरियन राजपुत्राची पत्रे याच घराण्यातली.

पण या पत्रांत आणि आमच्या गुरुजींना आलेल्या निरोपात एक मूलभूत फरक आहे. स्पॅनिश कैदी परका असतो आणि लोभाला हात घालतो. त्याला बळी पडणाऱ्याविषयी ‘हाव नडली’ असे म्हणता येते. गुरुजींना आलेला निरोप ओळखीच्या माणसाचा होता, आणि त्यात त्यांना काहीच मिळणार नव्हते. त्यांनी फक्त मदत केली. लोभावरून विश्वासावर झालेली ही उडी नेमकी कधी झाली, याचा शोध घेताना मी १९९४-९५ च्या एओएलपाशी पोहोचलो.

तासाला पैसे मोजून गप्पा

त्या काळी एओएलचे सभासद टेलिफोन फिरवून कंपनीच्या संगणकाला जोडले जात. १९९५ च्या सुमारास महिन्याला ९.९५ डॉलर पडत आणि त्यात पाच तास मिळत. पुढच्या प्रत्येक तासाला २.९५ डॉलर. लोक हे पैसे प्रामुख्याने गप्पांसाठी मोजत. सभासदांनी उघडलेल्या एका खोलीत तेवीस माणसे मावत. बागकामाची खोली, घटस्फोटितांची खोली, नवख्यांची खोली. तासाला पैसे पडतात म्हटल्यावर फुकट तासांची चोरी होणार, हे ओघानेच आले.

पहिली चोरी आकड्यांची होती. क्रेडिट कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा आकडा हा आधीच्या आकड्यांवरून ठरावीक गणिताने काढलेला असतो. आयबीएममधील हान्स पीटर लून यांच्या नावाने ते गणित ओळखले जाते, आणि १९६० मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले होते. लिहिताना झालेली चूक पकडणे, एवढाच त्याचा उद्देश. गणित उघड असल्यामुळे कोणीही कागदावर ‘बरोबर’ दिसणारा खोटा क्रमांक बनवू शके. तो देऊन खाते उघडायचे आणि कंपनीला पत्ता लागेपर्यंत फुकट वापरायचे. १९९५ मध्ये एओएलने कार्ड खरोखर अस्तित्वात आहे का, हे तपासण्याची व्यवस्था कडक केली आणि हा मार्ग आवळत गेला. मग चोरांचे लक्ष खऱ्या सभासदांच्या खऱ्या पासवर्डकडे अधिकच वळले.

त्यासाठीचे अवजार तोवर हजर होते. ‘एओहेल’ नावाचा एक छोटा प्रोग्राम ‘द क्रॉनिक’ हे टोपणनाव घेतलेल्या एका किशोरवयीन मुलाने बनवला होता. कंपनी हॅकरांच्या खोल्या बंद करते, पण लहान मुलांच्या शोषणाची देवाणघेवाण चालणाऱ्या खोल्या चालू राहू देते, याचा राग म्हणून आपण तो केला, असा त्याचा दावा होता. या प्रोग्रामच्या एका भागाचे नावच ‘मासेमार’ अशा अर्थाचे होते. खोलीत हजर असलेल्यांची नावे तो उचलायचा आणि प्रत्येकाला खासगी निरोप धाडायचा. मी ग्राहकसेवा विभागातून बोलतो आहे, सुरक्षेची तपासणी चालू आहे, आपला पासवर्ड कळवा, अशा आशयाचा.

येथे थोडे थांबायला हवे. चोराने येथे कैद्याची, राजपुत्राची किंवा वकिलाची भूमिका घेतलेली नाही. त्याने घेतली ती पहारेकऱ्याची. खोलीत चोर शिरतात हे खरे होते. पहारेकरी असतात हेही खरे होते. तेव्हा ‘तपासणी चालू आहे’ या वाक्यात अविश्वसनीय काहीच नव्हते. सावध माणूससुद्धा सावध असल्यामुळेच उत्तर देई. एका बैठकीत शेकडो निरोप पाठवता येत असल्याने, शंभरात दोघांनी उत्तर दिले तरी काम भागे. विदोकच्या कैद्यांना प्रत्येक पत्र हाताने लिहावे लागे, या मुलांना फक्त एक बटण दाबावे लागे.

‘फिशिंग’ हा शब्द याच वातावरणातला. मासेमारीच्या इंग्रजी शब्दातला ‘एफ’ काढून त्याजागी ‘पीएच’ घालण्याची खोड फुकट फोन करणाऱ्या जुन्या टोळ्यांकडून आली. जानेवारी १९९६ मध्ये हॅकरांच्या एका यूजनेट चर्चागटात हा शब्द लिखित स्वरूपात सापडतो. चोरलेल्या खात्यांचा उल्लेख करण्यासाठी ही मंडळी कोनी कंसांची माशासारखी दिसणारी खूण वापरत. तशी चिन्हे प्रत्येक संभाषणाच्या संगणकीय मजकुरात असतच, त्यामुळे कंपनीला ती गाळता येत नसे, अशी कथा सांगितली जाते.

एक वाक्य आणि हजारो माणसे

मग राखण कशी झाली? एओएलने दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन्ही मला आजही महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे एक वाक्य. खासगी निरोपाच्या चौकटीतच कंपनीने कायमची सूचना छापली. तिचा आशय असा की, एओएलमध्ये काम करणारे कोणीही तुमचा पासवर्ड किंवा बिलाची माहिती विचारणार नाही. वरवर साधे दिसणारे हे वाक्य नीट वाचा. ‘सावध राहा’ असा उपदेश त्यात नाही. चोर कसा ओळखावा हेही ते सांगत नाही, कारण ते सामान्य माणसाला जमणार नाही हे त्यात गृहीत धरले आहे. ते बंधन घालते पहारेकऱ्यावर. आम्ही हे कधीच विचारणार नाही, तेव्हा जो विचारतो तो आमचा नाही. ओळखण्याचा सगळा भार वाचणाऱ्याच्या डोक्यावरून काढून संस्थेच्या वागणुकीवर टाकलेला आहे. बँकेचे ‘आम्ही ओटीपी विचारत नाही’ हे आज आपल्याला पाठ असलेले वाक्य याच जातीचे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसे. या खोल्यांची देखरेख प्रामुख्याने स्वयंसेवक करत. त्यांच्यातल्या अनेकांच्या नावाआधी ‘गाइड’ असा शब्द असे. नवख्याला वाट दाखवणे, भांडण सोडवणे, खोट्या कर्मचाऱ्याची तक्रार वर पोहोचवणे ही त्यांची कामे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या दहा हजारांच्या वर गेली होती. त्यांना प्रशिक्षण घ्यावे लागे, आठवड्याला ठरावीक तास द्यावे लागत आणि पाळीचे अहवाल लिहावे लागत. मोबदला म्हणून फुकट वापर मिळे. तासाला पैसे पडत होते तोवर त्याला किंमत होती. डिसेंबर १९९६ मध्ये एओएलने महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये हवे तेवढे तास देऊ केले, आणि एका रात्रीत त्या मोबदल्याची किंमत उतरली. काम मात्र तेवढेच राहिले. १९९९ मध्ये काही माजी स्वयंसेवकांनी किमान वेतनासाठी दावा लावला. तो दशकभर चालला आणि अखेर दीड कोटी डॉलरांच्या तडजोडीवर मिटला. स्वयंसेवकांची ती योजना त्याआधी, २००५ मध्येच बंद झाली होती.

फिशिंगच्या इतिहासात या दाव्याचा उल्लेख क्वचितच येतो. हॅकर मुलांच्या करामतींवर पुष्कळ लिहिले गेले. रात्रपाळीला खोलीत बसून ‘त्याला पासवर्ड देऊ नका’ असे सांगणाऱ्या गृहिणी, निवृत्त माणसे आणि विद्यार्थी यांच्याविषयी मात्र वाचायला मिळते ते बहुधा कोर्टाच्या कामकाजात.

कुलूप नसलेल्या खोल्या

एओएलला निदान मालक होता. त्याच काळात दुसरी एक गप्पांची दुनिया होती आणि तिला मालकच नव्हता. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने १९८८ च्या ऑगस्टमध्ये आयआरसी सुरू केले. तेथे खोलीत पहिला जो येईल तो तिचा कारभारी, आणि सगळे उठून गेले की खोली बेवारस. संगणकांमधला दुवा तुटला की संधी साधून खोल्या बळकावणे हा तेथला रोजचा खेळ होता. डिसेंबर १९९३ मध्ये रोबी पॉइंटर याने एका खोलीच्या रक्षणासाठी ‘एगड्रॉप’ नावाचा यांत्रिक सभासद लिहिला. तो कधीच झोपत नसे, कधीच उठून जात नसे, त्यामुळे खोली बेवारस होत नसे. त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही चालतात.

आयआरसीच्या ‘डालनेट’ या जाळ्याने पुढची पायरी गाठली. ‘निकसर्व्ह’ नावाची सेवा तुमचे टोपणनाव पासवर्डाने राखून ठेवी. लगेच चोरांनी निकसर्व्हसारखी दिसणारी नावे घेतली. म्हणजे पुन्हा पहारेकऱ्याचाच गणवेश! त्यावरचा उपाय साधा होता. पासवर्ड सांगताना केवळ नाव न लिहिता सेवेचा संपूर्ण पत्ता लिहायचा. तो पत्ता दुसऱ्या कोणाला घेताच येत नसे. म्हणजे समोरचा कोण आहे हे तुम्ही ओळखायचे नाही, आपण कोणाकडे जात आहोत तेवढे ठरवायचे.

हे मी पुस्तकी माहितीवरून लिहीत नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले, आणि चार-पाच वर्षांत ते तालुक्याच्या गावांपर्यंत झिरपले. मी एसटी स्टँडसमोर चार संगणकांचे सायबर कॅफे चालवत होतो. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला पडदा आणि तासाला तीस रुपये. कॉलेजची पोरे मुंबई-पुण्याच्या खोल्यांत शिरून वय, लिंग, गाव विचारत बसत. २००१ मध्ये एका मुलाने निकसर्व्हसारख्याच दिसणाऱ्या नावाला पासवर्ड देऊन टाकला. इंग्रजी नावातले एक अक्षर बदललेले होते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत. दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने कोणीतरी त्याच्या मैत्रिणीला घाणेरडे निरोप पाठवले. तो मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन रडला आणि मी हसलो होतो. ‘नुसते टोपणनाव तर गेले,’ असे म्हणालो होतो. तेव्हा मी तिशीत होतो. पन्नाशी ओलांडल्यावर गुरुजींच्या बाबतीतही मी फार वेगळा वागलो नाही.

कायदा उशिरा आला

कायद्याला या प्रकाराचे नाव कळायला वेळ लागला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फिशिंगविरुद्ध पहिली कारवाई २००३ मध्ये जाहीर केली. आरोपी सतरा वर्षांचा मुलगा होता आणि त्याने सोंग घेतले होते ते एओएलचेच. आपल्याकडे २३ मार्च २००५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘नॅसकॉम विरुद्ध अजय सूद’ या प्रकरणात फिशिंगची दखल घेतली. फिशिंगसाठी स्वतंत्र कायदा नसला तरी दुसऱ्याच्या नावाने माहिती काढणे बेकायदेशीर आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि प्रकरण सोळा लाख रुपयांच्या भरपाईवर मिटले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ओळखचोरीचे ६६-क आणि तोतयेगिरीने फसवणुकीचे ६६-ड ही कलमे २००८ च्या दुरुस्तीने आली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. एओहेलनंतर तोवर जवळजवळ पंधरा वर्षे गेली होती.

दरम्यान चोर एक पायरी पुढे गेले. आता पहारेकऱ्याचे सोंग घेण्याऐवजी त्यांनी खऱ्या पहारेकऱ्याचीच किल्ली चोरायला सुरुवात केली. जून २०२२ मध्ये ‘बोअर्ड एप यॉट क्लब’ या डिजिटल चित्रे जमवणाऱ्यांच्या डिस्कॉर्डवरील समूहात हेच झाले. समूहाच्या व्यवस्थापकाचे खाते ताब्यात घेऊन तेथून बनावट घोषणा केली गेली आणि सुमारे दोनशे ईथर मूल्याची चित्रे सभासदांकडून गेली. ज्यांनी त्या दुव्यावर बोट ठेवले, त्यांनी अधिकृत व्यक्तीचेच ऐकले होते.

आणि आज आपल्याकडे काय चालले आहे? ‘डिजिटल अटक’ या नावाने जे चालते, त्यात चोर अक्षरशः पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओवर बसतो. तीस वर्षांपूर्वी तपासणीचे सोंग होते, आता अटकेचे आहे. धागा तोच. म्हणूनच त्यावरची सरकारी सूचनाही एओएलच्या वाक्याच्याच साच्यातली आहे : कोणतीही तपास यंत्रणा फोनवर वा व्हिडिओवर अटक करत नाही.

लाज हा चोराचा साथीदार

हा सगळा पट समोर ठेवल्यावर मला दोन गोष्टी दिसतात. ज्या उपायांनी काम केले, त्या सगळ्यांनी फसणाऱ्याच्या हुशारीवर भिस्त ठेवलेली नव्हती. ठाम वाक्य, कोणालाही घेता न येणारा पत्ता, न झोपणारा राखणदार आणि वेळेवर ओरडणारी माणसे, एवढेच ते उपाय. दुसरी गोष्ट अशी की, यातला शेवटचा उपाय फसलेल्या माणसाच्या तोंडावर अवलंबून असतो. तो बोलला तर बाकीचे वाचतात. पैशांच्या बाबतीतही तेच. १९३० या मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन होईल, तितकी रक्कम मधल्या मध्ये गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आणि माणूस बोलत नाही त्याचे मोठे कारण लाज.

आमच्या गटाचा प्रसंग मी नंतर नीट तपासला. गुरुजींना कोडचा निरोप येण्याच्या दोन दिवस आधी गटातल्या आणखी दोघांना तसाच निरोप आला होता. त्यातल्या एकाने कोड देऊन टाकला होता, आणि त्याच्याच खात्यावरून गुरुजींना निरोप गेला. त्याने कोणाला सांगितले नव्हते. का, असे मी विचारले. तो म्हणाला, “दादा, तुम्ही गटावर काय लिहिता ते आम्हाला माहीत आहे ना.” माझ्याच आधीच्या टोमण्यांनी त्याचे तोंड बंद केले होते. राखणदार म्हणून मी नेमलेलो आणि चोराची वाट मीच मोकळी ठेवलेली!

दसऱ्याच्या आधी मी गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, एका ताम्रपटाच्या वाचनाविषयी बोलले, गटाचा विषय काढला नाही. शेवटी मीच म्हणालो, “गुरुजी, चूक माझी होती. तुम्हाला बोलायला नको होते.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अरे, पैसे दोघांचे गेले त्याचे जास्त लागले. मी त्यांना फोन करायला हवा होता. पण तुझे वाक्य वाचले आणि फोनच बंद करून ठेवला.”

त्यांनी फोन केला असता, तर निदान दुसऱ्याचे पैसे वाचण्याची शक्यता होती. पहिले पैसे आणि दुसरे पैसे यांत दीड तासाचे अंतर होते.

आता आमच्या गटाच्या माहितीच्या जागी तीन ओळी आहेत. या गटात पैसे किंवा कोड कोणीही कधीच मागत नाही, चालकसुद्धा नाही. पैशांचा निरोप आला तर आवाज ऐकल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही. आणि जो फसेल त्याने आधी गटावर सांगायचे, त्याला कोणीही एक शब्द बोलायचा नाही. खात्याला सहा आकडी वेगळा पिन लावण्याची सोय २०१७ पासून आहे. ती आम्ही एका रविवारी सगळ्यांना बसवून, म्हाताऱ्यांचे फोन हातात न घेता त्यांच्याच हातून करून घेतली. माझ्याखेरीज आणखी तीन चालक नेमले. त्यातला एक रात्री जागणारा आहे.

गुरुजी अजून गटावर आलेले नाहीत. वाचनात अडले की मी फोटो छापून घेऊन त्यांच्याकडे जातो.